मृगाआधी गाडी कोण तपासणार?

एप्रिल सरत आला की वर्तमानपत्रांत 'पावसाळापूर्व कामे' असा मथळा दिसू लागतो. नालेसफाई किती टक्के झाली यावरून पालिकेत जुंपते, वीज कंपनीची माणसे तारांना टेकलेल्या फांद्या तोडतात, मोडकळीस आलेल्या इमारतींना नोटिसा जातात. कोकणात कौले शाकारून होतात, गोठ्यावर ताडपत्री चढते. पाऊस येणार हे सगळ्यांना ठाऊक असते आणि ज्याला त्याला आपापली तयारी कळते. या यादीत दारातली चारचाकी मात्र कुठेच नसते. ती फार तर धुतली जाते, आणि आता चिखलात मळणारच म्हणून तेही पुढे ढकलले जाते.

ऋतू काही न सांगता येत नाहीत. वैशाखात डांबर तापणार, मृगात रस्ता निसरडा होणार, मार्गशीर्षात पहाटे धुके पडणार आणि त्याच सुमारास उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येणार, हे पंचांग न उघडताही सांगता येते. तरी जुलैत गाडी घसरली की बातमी येते, 'पावसामुळे अपघात'. पाऊस दोषी ठरला की मालक सुटतो, चालक सुटतो आणि रस्ता सांभाळणारेही सुटतात. माझे म्हणणे असे की, ऋतुमानाप्रमाणे वेगमर्यादा आणि दरवर्षी पावसाआधी गाडीची तपासणी, या दोन गोष्टी सरकारने सक्तीच्या कराव्यात. त्या होईपर्यंत आपण आपल्यापुरत्या पाळाव्यात. त्यासाठीचे हे मुद्दे.

१. कोकण रेल्वेला जे कळते ते महामार्गाला का कळू नये?

कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक वेगळे असते, हे गणपतीला गावी जाणारा प्रत्येक चाकरमानी जाणतो. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत गाड्या मुद्दाम सावकाश धावतात, दरडीच्या जागी पहारेकरी बसतात, पावसाचा जोर फार वाढला तर वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंत उतरवला जातो. प्रवासाला वेळ जास्त लागतो. त्याबद्दल कोणी मोर्चा काढल्याचे ऐकिवात नाही.

त्याच सह्याद्रीच्या कुशीतून, त्याच पावसात मुंबई-गोवा महामार्ग जातो. तिथल्या वेगाच्या पाट्या मे महिन्यात जो आकडा सांगतात तोच जुलैतही सांगतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कारला सपाटीला ताशी १०० आणि घाटात ६०, मग एप्रिलची कोरडी दुपार असो की जुलैतली धुवाधार संध्याकाळ. समृद्धी महामार्गावर १२०. आता हिशेब मांडा. ताशी १०० म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. समोर काही दिसले आणि पाय ब्रेकवर गेला, एवढ्या एका सेकंदात गाडी अडीच एसटी बसइतके अंतर कापून गेलेली असते. ब्रेक लागल्यावर थांबायला जे अंतर लागते ते ओल्या रस्त्यावर कोरड्याच्या जवळजवळ दुप्पट होते. रस्ता तोच, गाडी तीच, पाटीवरचा आकडाही तोच. फक्त तो आकडा आता खोटा झालेला असतो.

फ्रान्समध्ये मोटारवेवर कोरड्या हवेत ताशी १३० आणि पावसात ११० अशा दोन मर्यादा असतात. हे परदेशी लाड वाटत असतील तर उत्तर प्रदेशाकडे बघू. यमुना एक्स्प्रेसवेवर धुक्याच्या दिवसांत, म्हणजे १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी, कारची मर्यादा १०० वरून ७५ वर आणली जाते. त्यासाठी संसदेत नवा कायदा करावा लागला नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ नुसार सार्वजनिक सुरक्षेसाठी एखाद्या रस्त्यावर वेगमर्यादा कमी करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहेच. द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेरे डोळ्यांत तेल घालून चलाने फाडत आहेत. ज्या यंत्रणेला १०० च्या वर गेलेली गाडी दिसते तिला पाऊस पडताना ८० च्या वर गेलेली गाडी दिसायला काय हरकत आहे?

२. कायद्यातले १५ वर्षांचे भगदाड

खासगी कारची नोंदणी १५ वर्षांसाठी होते. या १५ वर्षांत तिचे ब्रेक लागतात का, टायरला नक्षी शिल्लक आहे का, मागचे लाल दिवे पेटतात का, हे पाहायला कायद्याने कोणीही येत नाही. एकच तपासणी सक्तीची आहे, ती पीयूसीची. पीयूसी सायलेन्सरच्या नळीतून काय बाहेर पडते तेवढे सांगते. धूर नियमात असला की गाडी बिनब्रेकची असली तरी कागद मिळतो.

रिक्षा, टॅक्सी, टेम्पो, ट्रक यांचे तसे नाही. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी त्यांना फिटनेस करून घ्यावा लागतो. त्यात किती पाणी मुरते हा वेगळा विषय. निदान नियम तरी आहे. खासगी गाडीला तोही नाही. का? तर ती घरची गाडी आहे, मालक तिची काळजी घेणारच, असा कायद्याचा भाबडा विश्वास. घरची गाडी घाटात घसरून समोरच्या दुचाकीवर जाते तेव्हा ती घरची राहत नाही.

ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी होते, तिला एमओटी म्हणतात. जर्मनी आणि जपानमध्ये पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी. लंडनला नोकरीला असलेला आपला भाचा एमओटीची तारीख चुकवत नाही. तोच सुटीवर आला की वडिलांची गुळगुळीत टायरांची गाडी काढून भर पावसात महाबळेश्वरला निघतो, आणि घरातले कोणी त्याला अडवत नाही.

३. वडापाव खाताखाता चार रांगा फिरून या

जुलैतल्या एखाद्या शनिवारी सकाळी द्रुतगती मार्गावरच्या फूड मॉलला थांबलात तर एक करा. वडापाव हातात घ्या आणि पार्किंगमधल्या गाड्यांच्या चाकांकडे बघत चाला. टायरच्या बाजू पॉलिश लावून काळ्याकुळकुळीत चमकत असतात. तळव्याची गोष्ट वेगळी. कुठे मधली नक्षी पार गेलेली, कुठे आतली कड झिजून बाहेरची शाबूत, कुठे चिरा पडलेल्या. आतली कड झिजली म्हणजे अलाइनमेंट गेली आहे. ती मालकाला दिसत नाही, कारण त्यासाठी वाकावे लागते.

टायरच्या खाचांमध्ये आडवे छोटे उंचवटे असतात. झीज त्यांच्या पातळीला आली की खाच १.६ मिलिमीटर उरली. कारच्या टायरला केंद्रीय मोटार वाहन नियमांनी घालून दिलेली किमान मर्यादा हीच. त्याखाली टायर चालवणे बेकायदा आहे, हे चालकाला परवाना देताना सहसा कोणी सांगत नाही. पावसाचे म्हणाल तर १.६ ची वाट पाहूच नये. तीन मिलिमीटरवर आला की बदलावा. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे कोरलेले असतात, २३२१ असे. म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. गाडी सोसायटीत उभीच असते, टायर झिजतच नाहीत, असे अभिमानाने सांगणारे आजोबा प्रत्येक इमारतीत असतात. त्यांच्या टायरची नक्षी नवी कोरी आणि रबर मात्र सात-आठ वर्षांचे, कडक झालेले. कडक रबर ओल्या रस्त्याला धरत नाही.

खाचांचे काम एकच, चाकाखालचे पाणी बाजूला फेकणे. खाच उरली नाही की पाण्याचा पातळ थर चाक आणि रस्ता यांच्यामध्ये शिरतो आणि गाडी पाण्यावर तरंगते. तेव्हा स्टीअरिंग एकदम हलके लागते. अशा वेळी सगळ्यांचा पाय ब्रेकवर जातो आणि तीच चूक ठरते. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टीअरिंग सरळ धरायचे, चाके पुन्हा जमिनीला टेकेपर्यंत काही करायचे नाही. आणखी एक, दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे बसवावेत. दुकानदार बहुधा पुढे बसवतो, आपणही मान डोलावतो. पण मागची चाके सुटली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरत नाही.

४. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, हा गैरसमज जीवघेणा आहे

ऊन वाढले की टायर फुटतात, म्हणून उन्हाळ्यात हवा दोन-चार पॉइंट कमीच ठेवा, असा सल्ला विदर्भात पेट्रोल पंपापासून लग्नाच्या मांडवापर्यंत मिळतो. तो नेमका उलटा आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, त्या वाकण्याने रबर आतून तापते आणि तापत तापत फुटते. जास्त हवेपेक्षा कमी हवा अधिक टायर फोडते. त्यात गाडीत सात माणसे, टपावर बॅगा, बाहेर ४५ अंश आणि काँक्रीटवर सलग दोन तास १२० चा वेग, असे जुळून आले की टायरला दोष देण्यात अर्थ नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या येऊ लागल्या. पुढच्या उन्हाळ्यात परिवहन विभागाने महामार्गाच्या प्रवेशाशी गाड्या थांबवून टायर पाहायला सुरुवात केली, झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवल्या. चांगले काम होते ते. मग एवढेच विचारायचे की जे समृद्धीच्या तोंडाशी करता आले ते राज्यभर वर्षातून एकदा का करता येऊ नये?

हवा किती भरायची हे चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेले असते. ती सकाळी, गाडी फार चाललेली नसताना भरावी. लांब चालून तापलेल्या टायरमध्ये आकडा वाढलेला दिसतो, तो पाहून हवा काढू नये. नायट्रोजन भरला तर बरेच, पण त्याने अमरत्व येत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. बॅटरी थंडीत बंद पडते असे आपण म्हणतो, तिला खरा मार उन्हाळ्याचा बसलेला असतो. कूलंटच्या जागी बोअरचे पाणी ओतणाऱ्यांना रेडिएटर स्वतःच उत्तर देतो. आणि लहान मूल बंद गाडीत ठेवून 'दोन मिनिटांत येतो' म्हणणाऱ्याला शेजाऱ्याने खुशाल खडसवावे, त्यात संकोच नको.

५. पहिल्या सरीचा मोह

पावसाळ्यात सर्वांत निसरडा रस्ता जुलैच्या मुसळधारेत नसतो, जूनच्या पहिल्या भुरभुरीत असतो. आठ महिने साचलेले ऑइल, डिझेल, धूळ त्या पाण्यात कालवली जाते आणि धुऊन जाईपर्यंत रस्ता साबणाचा होतो. काळ्या मातीच्या मुलखात त्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला चिखल. आपण मात्र नेमके त्या दिवशी भजी खायला घाटात जातो.

वायपरचे रबर दोन उन्हाळ्यांत वाळून जाते. ते काचेवर कुरकुर करू लागले, पाण्याच्या रेघा सोडू लागले की बदलावे. फार मोठा खर्च नाही. काचेला आतून वाफ धरली तर फडक्याने पुसत बसू नये, एसी चालू करून हवा काचेवर सोडावी. आणि पाऊस जोरात आला म्हणून चारी इंडिकेटर लावून गाडी पळवणे बंद करा. मागच्याला तुम्ही थांबला आहात की वळणार आहात हे कळत नाही. ते दिवे उभ्या गाडीसाठी आहेत. चालत्या गाडीला पावसात हेडलाइट पुरेत, भर दिवसाही.

६. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करणे ही बचत नव्हे

पेट्रोल वाचते म्हणून खंबाटकी किंवा कसारा न्यूट्रलवर उतरणारे अजून भेटतात. ज्या गीअरमध्ये घाट चढला त्याच गीअरमध्ये उतरावा, हा जुन्या एसटी चालकांचा नियम. इंजिन गाडीला मागे धरते, ब्रेक मोकळे राहतात. सारखा ब्रेक दाबून उतरलात तर पॅड तापतात, ब्रेक ऑइल उकळायला येते आणि पेडल एकदम मऊ पडते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. कोकणासारख्या दमट हवेत तर जास्तच. ओलावा धरलेले ऑइल लवकर उकळते. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचे असते. सर्व्हिसिंगच्या बिलात टेफ्लॉन कोटिंग घेतो आणि ब्रेक ऑइल 'पुढच्या वेळी बघू' म्हणतो, असे ग्राहक कोणत्याही मेस्त्रीला विचारा, रोज येतात.

चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा घाटातला नियम आहे. आता तो वाकून नमस्कार करण्याइतका दुर्मीळ झाला आहे. माळशेज, ताम्हिणी, आंबोलीला धबधब्यासाठी दरडीखाली गाडी लावणाऱ्यांबद्दल काय बोलावे. तिथे नुसती पाटी लावून भागत नाही, शनिवार-रविवारी माणूसच उभा करावा लागतो.

७. पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा, आणि थांबवणारा कोणी तरी असू द्या

एक फूट वाहते पाणी लहान गाडीला तरंगवू शकते, दोन फूट पाणी बहुतेक गाड्यांना वाहून नेते. हे चालकाला पटत नाही, कारण काचेआडून पाणी नेहमीच उथळ दिसते. २८ सप्टेंबर २०२१ रोजी उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर पाणी वाहत असताना पुलावर घातलेली एसटी बस वाहून गेली. एवढी मोठी बस टिकत नाही तिथे आपली हॅचबॅक काय टिकणार? मराठवाड्यात आणि विदर्भात असे कमी उंचीचे फरशी पूल गावोगावी आहेत. तिथल्या माणसांना पाणी किती आले की पलीकडे जायचे नाही हे नेमके माहीत असते. बाहेरच्या चालकाला ते कळणार कसे? म्हणून अशा प्रत्येक पुलाला फूट-फूट खुणा रंगवलेला खांब हवा आणि दोन्ही टोकांना साखळी हवी, जी लावायचा अधिकार ग्रामपंचायतीला आणि पोलीस पाटलाला असेल. हा खर्च एका डांबरी ठिगळापेक्षा जास्त नाही.

शहरातही तेच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मुंबईत काही माणसे आपल्याच गाडीत गुदमरून गेली. पाणी चढल्यावर काचा खाली होईनात, बाहेरच्या दाबाने दारे उघडेनात. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आले की गाडीचा मोह सोडावा आणि काच चालते तोवर उतरून जावे. गाडीत छोटी हातोडी ठेवावी. बाजूची काच कोपऱ्यात मारली की फुटते, समोरची फुटत नाही. पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करू नये. सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्याने कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साध्या विम्यात तो खर्च बहुधा बसत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी पुरवणी घ्यावी लागते. हे एजंट आपण विचारल्याशिवाय सांगत नाही.

८. रिफ्लेक्टर नाही तर काटा नाही

दिवाळीच्या मागेपुढे गाळप हंगाम सुरू होतो आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतला रात्रीचा प्रवास बदलतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या बाहेर हात-दोन हात आलेला ऊस, मागे दिवा नाही. रिफ्लेक्टर असला तर तो वाढ्यांखाली किंवा चिखलाखाली. पुढे ट्रॅक्टरवर गाणी एवढ्या आवाजात की मागचा हॉर्न ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. समोरून येणाऱ्याचा अप्पर डोळ्यांवर पडतो, क्षणभर सगळे पांढरे होते, आणि ते पांढरे ओसरते तेव्हा पंधरा पावलांवर उसाची भिंत उभी असते. धुके असेल तर तीही आधी दिसत नाही.

याहून वाईट म्हणजे बंद पडलेली ट्रॉली. ती रस्त्यातच उभी राहते, चाकांना मोठाले दगड लावले जातात, मागे अंतरावर आणखी दगड मांडून वर उसाचा पाला ठेवला जातो. सकाळी ट्रॉली निघून जाते, दगड तिथेच राहतात. पुढच्या रात्री मोटारसायकलवाला त्यावर जातो.

ट्रॅक्टरवाल्यावर डाफरून काही होणार नाही. त्याला टनावर पैसे मिळतात, खेपा वाढवल्या तरच हप्ता निघतो. लगाम दुसरीकडे आहे. प्रत्येक ट्रॉली कारखान्याच्या वजनकाट्यावर येतेच. मागे चालू दिवा आणि स्वच्छ रिफ्लेक्टर नसेल तर काट्यावर घेणार नाही, एवढा एक नियम कारखान्याने केला तर आठ दिवसांत जिल्हा उजळेल. साखर आयुक्त दरवर्षी कारखान्यांना गाळप परवाना देतात. ही अट त्या परवान्यातच घालावी. हंगामाच्या सुरुवातीला पाहुण्यांच्या हस्ते चार रिफ्लेक्टर चिकटवून फोटो काढण्याचा कार्यक्रम होतो, तो झाला तरी हरकत नाही, पण तो काट्यावरच्या नियमाची जागा घेऊ शकत नाही.

आपल्याकडूनही थोडे. समोर गाडी दिसली की डिपर द्या. बाजारातून आणलेले झगझगीत पांढरे एलईडी काढून टाका. ते तुम्हाला कमी आणि समोरच्याला जास्त उजेड देतात. धुक्यात अप्पर लावला की उजेड धुक्यावर आपटून परत आपल्याच डोळ्यांत येतो. रात्री दोन ते पहाटे पाच ही डुलकीची वेळ, तेव्हा शिर्डीला लवकर पोहोचण्याचे पुण्य चालकाच्या झोपेतून कापून घेऊ नये.

९. 'आधी रस्ते नीट करा'

हा आक्षेप येणारच आणि तो खरा आहे. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे आणि त्यात कोकणातली एक पिढी शाळेतून कॉलेजात गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि दोन एसटी बस पुरात गेल्या. त्या रात्री दोष कोणाच्या गुळगुळीत टायरांचा नव्हता की न्यूट्रलचा नव्हता. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ आले. सदोष रस्त्यामुळे मृत्यू झाला किंवा अपंगत्व आले तर कंत्राटदाराला आणि संबंधित यंत्रणेला दंड होऊ शकतो, कमाल एक लाख रुपये. जिवाची किंमत एक लाख, तीही कमाल! बेल्ट न लावणाऱ्याला चलान हातोहात मिळते आणि खड्डा ठेवणाऱ्याला या कलमाखाली दंड झाल्याची बातमी शोधावी लागते. हे बदलायलाच हवे. पण खड्डा आहे म्हणून ब्रेक नको, असे कोणी म्हणत नाही. रस्ता वाईट असेल तर टायर चांगला हवा, एवढाच त्याचा अर्थ होतो.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. नवी तपासणी म्हणजे नवा दाखला आणि नवी चिरीमिरी. गाडी घरी आणि पीयूसी हातात, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. म्हणून मला आरटीओच्या दारात नवी रांग नको आहे. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना पीयूसी वर्षातून एकदा घ्यावीच लागते. त्याच केंद्रावर टायरच्या खाचेची खोली, टायरचे वय, पुढचे-मागचे दिवे आणि वायपर एवढेच पाहावे, चारही टायरांचे फोटो नंबर प्लेटसह गाडीच्या ऑनलाइन नोंदीत चढवावेत. दहा मिनिटांचे काम. फोटो असला की खोटेपणा करणाऱ्याला निदान मेहनत तरी पडते, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला आणि न्यायालयाला गाडीची अवस्था काय होती ते दिसते. ब्रेकची चाचणी यात येत नाही हे मान्य. तिला यंत्र लागते. व्यावसायिक वाहनांसाठी स्वयंचलित तपासणी केंद्रे उभी राहत आहेत, ती पुरेशी झाली की आठ वर्षांवरच्या खासगी गाड्याही तिथे न्याव्यात.

तिसरे, पैशांचे. लहान कारचे चार टायर बदलायचे म्हणजे पंधरा-वीस हजार रुपये जातात. जुनी गाडी घेऊन शाळेची मुले सोडणाऱ्याला हे जड आहे, नाही म्हणता येणार नाही. टायर हा सुरक्षेचा भाग मानून त्यावरचा कर कमी करावा ही मागणी म्हणूनच रास्त आहे. सेकंडहँड टायरच्या धंद्यावर मात्र कोणाचेच लक्ष नाही. दुसऱ्याने फेकलेला टायर खाचा कोरून, काळा करून अर्ध्या किमतीत विकला जातो, आणि तो नेमका ज्याला परवडत नाही त्याच्याच चाकाला बसतो.

१०. जानेवारीत नको, मे महिन्यात

रस्ता सुरक्षेचे सरकारी अभियान दरवर्षी जानेवारीत होते. रॅली निघते, हेल्मेट घालून फोटो होतात, शाळांत चित्रकला स्पर्धा होतात. महाराष्ट्रात जानेवारीत आभाळ निरभ्र, घाट कोरडे आणि रस्ते वर्षातले सगळ्यात बरे असतात. देशाचा कार्यक्रम देशाच्या सोयीने होवो. राज्याने आपला पंधरवडा मे महिन्याच्या उत्तरार्धात घ्यावा, रोहिणी लागता लागता, आणि त्यात भाषणांऐवजी टायर मोजावेत. सोसायट्यांना हे आजही करता येईल. एक टायरवाला, एक मेस्त्री आणि रविवारची सकाळ, एवढे पुरते.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक जिल्ह्यात रस्ता सुरक्षा समिती असते. तिच्याकडे नागरिकाला लेखी अर्ज देता येतो आणि त्याची पोच मागता येते. आपल्या भागातल्या घाटाला पावसाळी वेगमर्यादा, फरशी पुलाला खांब आणि साखळी, कारखान्याच्या काट्यावर रिफ्लेक्टरची अट, यांतली जी मागणी आपल्याला लागू असेल ती एका पानावर, जागेचे नाव आणि किलोमीटरचा दगड घालून लिहा. अर्ज एप्रिलमध्ये गेला तर मृगाआधी बैठकीत येण्याची शक्यता असते. जूनमध्ये दिलात तर तो पुढच्या वर्षीचा होतो.